दुखतं एकाचं, बोलावणं सगळ्या घराला

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून शाळेला निघायच्या वेळी त्याच्या पोटात दुखतं. रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं झालं. जंताचं औषध दिलं. सासूबाईंनी दृष्ट काढली. काही सापडलं नाही. मिस्टर एमआयडीसीत कंपनीत आहेत, शिफ्ट बदलती असते. रात्रपाळीच्या आठवड्यात दुखणं जास्त, आणि नेमके तेव्हाच ते दमून झोपलेले असतात, त्यांना उठवावं लागतं. आधी आमचं महाडला दुकान होतं, ते २०२१च्या पुरात गेलं. तेव्हा दिरांनी डोंबिवलीहून पैसे पाठवले म्हणून उभे राहिलो. मुलगा समजूतदार आहे, रात्री मिस्टर नसले की तोच आमचा आधार. आता डॉक्टरांनी समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी घरातले सगळे या. सासूबाई, मिस्टर, धाकटी मुलगी, आणि दीर गावी आले तर तेही. पोट एकाचं दुखतंय आणि बोलावणं सगळ्या घराला! सासूबाई म्हणाल्या, म्हणजे खोट आपल्या घरात आहे असं म्हणायचंय का तिला? खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. हे काय शास्त्र आहे?
— एक वाचक, बिरवाडी (ता. महाड)

उत्तर : ताई, आधी सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते मिळाल्याशिवाय त्या रिक्षात बसायच्या नाहीत. खोट घरात आहे असं त्या समुपदेशक बाईंना म्हणायचं नसावं. म्हणत असतील तर त्या चुकताहेत. पण सासूबाईंची शंका अगदीच हवेतली नाही. या शास्त्राने एके काळी खरोखरच घराकडे, आणि घरातही नेमकं आईकडे बोट दाखवलं होतं. त्यावर पुढे येतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मुलाचं पोट खरंच दुखतं. तपासण्यांत काही आलं नाही म्हणजे पोरगं नाटक करतंय, असा निष्कर्ष शेजारीपाजारी लगेच काढतात. तो काढू नका आणि त्याच्या कानावर पडू देऊ नका. आतडी आणि मेंदू यांच्यात सतत देवाणघेवाण चालू असते. परीक्षेच्या आदल्या दिवशी ढाळ लागलेल्या माणसाला ते पुस्तकातून शिकावं लागत नाही. तुम्ही आधी डॉक्टरांकडे गेलात आणि मग समुपदेशकाकडे, हा क्रम बरोबरच आहे. मात्र वजन घटायला लागलं, ताप येऊ लागला, शौचातून रक्त गेलं, उलट्या थांबेनात किंवा दुखण्याने त्याला झोपेतून जाग येऊ लागली, तर हा लेख बाजूला ठेवून पुन्हा डॉक्टरांकडे जा.

आता 'सगळे या' याचा अर्थ. या पद्धतीला कुटुंबोपचार किंवा सरळ फॅमिली थेरपी म्हणतात. तिच्या मुळाशी असलेला विचार मानसोपचारातून आलेलाच नाही, आणि मला तिच्यातलं तेच सगळ्यात आवडतं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दहा वर्षांत अमेरिकेत गणिती, इंजिनियर, शरीरशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ एकत्र बसून एकाच प्रश्नावर डोकं लावत होते : एखादी गोष्ट स्वतःच्याच कृतीचा परिणाम पाहून पुढची कृती ठरवते, तेव्हा नेमकं काय घडतं? नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाने १९४८ मध्ये या अभ्यासाला 'सायबरनेटिक्स' असं नाव दिलं. त्या बैठकांना बसणाऱ्यांत ग्रेगरी बेटसन होता. न्यू गिनीत आणि बाली बेटावर राहून आलेला इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ. डॉक्टरकीचं शिक्षण नव्हतं, आणि कदाचित म्हणूनच त्याला वेगळं दिसलं.

बेटसनचं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. दगडाला लाथ मारली तर तो कुठे जाऊन पडेल हे लाथेच्या जोरावरून काढता येतं. कुत्र्याला लाथ मारली तर तो पळेल, केकाटेल, शेपूट घालेल की पोटरीचा लचका तोडेल, हे लाथेच्या जोरावरून सांगता येत नाही. कुत्र्याची ताकद त्याची स्वतःची असते. शिवाय तुमचं-त्याचं आधीचं नातं काय आहे आणि तो चावल्यावर तुम्ही काय कराल, हेही मधे येतं. डॉक्टरी विचार बहुतेक वेळा दगडाचा असतो : जंतू शिरला, ताप आला, औषध दिलं, ताप गेला. तो विचार चुकीचा नाही. टायफॉइडला तोच हवा. माणसामाणसांत जे चालतं त्याला मात्र तो पुरत नाही.

घरातलं रोजचं बघा. नवरा म्हणतो, ती सारखी बोलते म्हणून मी गप्प बसतो. बायको म्हणते, हे गप्प बसतात म्हणून मला सारखं बोलावं लागतं. दोघंही खरं बोलताहेत. दोघांच्याही गोष्टीत सुरुवात समोरच्याने केलेली आहे. सुरुवात शोधायला गेलात तर लग्नाच्या याद्यांपर्यंत मागे जाल आणि तिथेही दोन्ही पक्षांच्या दोन याद्या निघतील. बेटसनच्या मंडळींचं म्हणणं असं की सुरुवात शोधूच नका. ते चक्र आहे. कोणी सुरू केलं हा प्रश्न चक्राला लागू पडत नाही. ते कुठे थोपवता येईल, हा लागू पडतो. तुमच्या घराला बोलावण्यामागचं शास्त्र एवढंच आहे, बाकी सगळा तपशील.

तो तपशील मात्र रंजक आहे. बेटसनबरोबर काम करणाऱ्या डॉन जॅक्सन या मानसोपचारतज्ज्ञाने १९५७ मध्ये एक निरीक्षण मांडलं. रुग्ण बरा होऊ लागला की कधीकधी घरातलं दुसरंच कुणी बिघडतं. बायकोचं औदासीन्य कमी झालं की नवरा ढासळतो, मुलगा सुधारला की आईबापांत फाटतं. जॅक्सनने अर्थ असा लावला की कुटुंब आपला तोल सांभाळत असतं, आणि आजार हा त्या तोलाचा भाग होऊन बसलेला असू शकतो. कुणी ठरवून तसं करत नाही. पण तो भाग काढून घेतला की सगळ्यांना हलून पुन्हा बसावं लागतं.

हे अमेरिकेतल्या चार विचित्र घरांपुरतं आहे असं समजू नका. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलं. तिथे पिणाऱ्याबरोबर त्याच्या घरच्यांशीही काम केलं जातं, पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा स्वतंत्र गट असतो. का, ते कुठल्याही व्यसनमुक्ती कार्यकर्त्याला विचारा. नवरा पीत होता तेव्हा पगाराचा दिवस, कपाटाची किल्ली, पोरांच्या शाळेची सही, सगळं बायकोने हातात घेतलेलं असतं. घेतलं नसतं तर घर बुडालं असतं. तो शुद्धीवर येऊन घरी परततो आणि म्हणतो, आता मी ठीक आहे, दे किल्ली. ती देत नाही, आणि का द्यावी? तिने असे 'ठीक आहे' आधीही ऐकलेले असतात. तो म्हणतो, माझ्यावर विश्वासच नसेल तर कशाला सोडली! इथून गुत्त्याची वाट फार लांब नसते. दोघांपैकी कुणीही वाईट नाही. पण एकट्या त्याच्यावर उपचार करून पाठवलं तर तो एका अशा घरात परत जातो, जे त्याच्या पिण्याभोवती रचलेलं आहे.

मरे बोवेन हा दुसरा मोठा माणूस. १९५४ ते १९५९ या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत त्याने आधी रुग्णांबरोबर त्यांच्या आयांना आणि मग अख्ख्या कुटुंबांना वॉर्डात राहायला आणलं. त्याने पाहिलं की दोन माणसांतला ताण वाढला की ती तिसऱ्याला मधे ओढतात. त्रिकोण होतो. दोघं एकमेकांशी बोलायचं ते तिसऱ्याबद्दल बोलू लागतात, आणि दोघांनाही जरा हायसं वाटतं. तिसऱ्याला वाटतंच असं नाही. नवरा-बायको-सासू या त्रिकोणावर आपल्याकडे अख्ख्या मालिका चालतात, त्याबद्दल मी काय सांगू? पण जास्त नाजूक त्रिकोण तो, ज्यात तिसरं टोक एक मूल असतं.

त्या टोकाचा अभ्यास फिलाडेल्फियात साल्वादोर मिनुचिनने केला. हा मूळचा अर्जेंटिनाचा. त्याच्या बालरोगतज्ज्ञ सहकाऱ्यांपुढे मधुमेहाची काही मुलं होती. इन्सुलिन व्यवस्थित, आहार व्यवस्थित, इस्पितळात ठेवली की साखर ताब्यात. घरी गेली की पुन्हा अत्यवस्थ होऊन दाखल. मिनुचिन आणि सहकाऱ्यांनी काही कुटुंबांना बोलावलं. आईवडील एका खोलीत मतभेदाच्या विषयावर बोलत बसले, मूल एकतर्फी काचेमागून पाहत राहिलं, आणि ताण चढला की रक्तात वाढणारा एक चरबीचा घटक सगळ्यांच्याच रक्तात मोजला गेला. मग मुलाला आत बोलावलं. मूल आत आल्यावर आईवडिलांच्या रक्तातलं ताणाचं प्रमाण उतरलं आणि मुलाच्या रक्तात चढलं. हे सगळं १९७८च्या पुस्तकात आहे. त्यावर पुढे टीका झाली. कुटुंबं थोडी होती, आणि एवढ्यावरून आजारी मुलांच्या घरांना एकाच साच्यात बसवणं योग्य नव्हतं. टीका रास्त होती, असं मला वाटतं. तरीही त्या खोलीत जे घडलं ते डोळ्यांपुढून जात नाही. एक मूल दार उघडून आत येतं, दोन मोठ्यांचा भार उतरतो, आणि तो कुठे जातो ते सुईने काढलेल्या रक्तात दिसतं.

आता तुमच्या पत्राकडे वळतो. या सदरात निदान होत नाही आणि करूही नये. पण समुपदेशक बाई ज्या नजरेने पाहतील ती दाखवायला तुमच्या पत्राइतकं चांगलं काही नाही, कारण तीन गोष्टी तुम्ही सहज लिहून गेला आहात. रात्रपाळीच्या आठवड्यात दुखणं जास्त. तेव्हा मिस्टरांना झोपेतून उठवावं लागतं. आणि रात्री मुलगाच तुमचा आधार.

यातून एक तर्क असा निघतो. रात्री अकराला वडील मशीनवर उभे राहतात तेव्हा इकडे घरात तेरा-चौदा वर्षांचा मुलगा कडी लागली का, गॅस बंद आहे का, आजीला काही हवंय का, हे बघत जागा असतो. मोठे म्हणतात, किती समजूतदार! मिनुचिनने अशा मुलांबद्दल बरंच लिहिलंय. घराला गरज असते म्हणून मूल पालकाच्या जागी उभं राहतं, आणि त्यात वाईट काहीच नसतं, जोवर ती जागा सोडण्याची त्याला मुभा असते. रात्री घर राखणाऱ्याला सकाळी दप्तर घेऊन 'बाळ' होणं जड जात असेल. किंवा घर सोडून जाणंच जड जात असेल : बाबा झोपलेत, आई एकटी आहे, मी शाळेत गेल्यावर काही झालं तर? जुलै २०२१ मध्ये तो किती लहान होता ते आठवा. २२ तारखेच्या त्या पहाटेनंतर महाड परिसरातल्या मुलांना घर एका रात्रीत चिखलात जाऊ शकतं हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्याच दिवशी तळिये गाव दरडीखाली गेलं, आणि मोठी माणसं त्याबद्दल अजून मुलांसमोरच बोलतात.

दुसरा तर्क अगदी वेगळा. त्या आठवड्यात बाप-लेकाची गाठ पडते तरी कधी? वडील येतात, आंघोळ करून आडवे होतात. 'हळू बोला, बाबा झोपलेत' हे घराचं ब्रीद. मुलगा शाळेतून येऊन अभ्यासाला बसेतो ते पुन्हा कंपनीच्या बसची वाट पाहत असतात. पोट दुखलं की मात्र ते उठतात, कपाळाला हात लावतात, स्कूटर काढतात. तुम्ही दोघं एकाच विषयावर, आवाज न चढवता बोलता. मुलगा हे हिशोबाने करतो असं मी चुकूनही म्हणत नाही. पण पोटाला शेवटी मिळतं काय, हे पाहायला हवं.

तिसरा तर्क असा की याचा घराशी काडीमात्र संबंध नाही. वर्गात कुणी छळत असेल, गणिताच्या तासाची धास्ती असेल, वाचताना अक्षरं फिरत असतील आणि आठवीत ते लपवणं कठीण होत असेल. शाळाही त्याच व्यवस्थेचा भाग आहे. चांगला समुपदेशक वर्गशिक्षकांशी बोलल्याशिवाय पुढे जात नाही. आणि चौथा, नीरस तर्क : रात्रपाळीत दुखणं जास्त नसेलच. तेव्हा कुणाला तरी झोपेतून उठवायची पंचाईत होते म्हणून ते दिवस तुमच्या लक्षात राहिले असतील.

कोणता खरा? इटलीत मिलानला मारा सेल्विनी पालात्सोली आणि तिच्या तीन सहकाऱ्यांचा एक गट होता. १९८० मध्ये त्यांनी लिहिलं की असा तर्क खरा की खोटा हा मुद्दाच नाही, त्याने पुढचा प्रश्न सुचतो का ते पाहावं. मला हे सुरुवातीला पळवाटेसारखं वाटलं होतं. पण त्यांच्या प्रश्नांची तऱ्हा पाहिली की पटतं, आणि तुमच्या धाकटीला का बोलावलंय तेही कळतं.

मोठ्यांना विचारलं, 'तुमच्यात काही ताण आहे का?' तर उत्तर ठरलेलं असतं : 'छे हो, आमचं सगळं नीट आहे.' म्हणून मिलानची मंडळी दोघांमधलं काय ते तिसऱ्याला विचारत. समजा, धाकटीला विचारलं, 'दादाचं पोट दुखायला लागलं की सगळ्यात आधी कोण उठतं?'

'आजी.'

'मग?'

'आजी आईला म्हणते, तू त्याला काल काय खायला दिलंस.'

'आणि आई?'

'आई काही नाही बोलत. ती बाबांना उठवते.'

'बाबा कुणावर चिडतात?'

'आईवर. मग आजी म्हणते, तिच्यावर कशाला ओरडतोस.'

'आणि दादा तेव्हा काय करतो?'

'तो म्हणतो, थांबलं दुखायचं.'

हा संवाद माझ्या मनचा आहे, तुमच्या घरातला नाही. पण बघा, इथे कुणालाच कुणी दोषी म्हटलेलं नाही, आजीला सून वाईट वाटत नाही हेही सगळ्यांसमोर आलंय, आणि पोट कधी थांबतं हे प्रथमच कुणीतरी मोठ्याने म्हटलंय. सोनोग्राफीत हे दिसत नाही.

दिरांचं काय, हा तुमचा प्रश्न पत्रात नाही, पण असणार. ते राहतात डोंबिवलीला, त्यांचा या पोटदुखीशी संबंध काय? इथे परदेशी पुस्तकं थोडी अपुरी पडतात. त्यांच्या डोळ्यापुढचं कुटुंब म्हणजे एका छपराखालचे आई, बाप आणि मुलं. इरावती कर्व्यांनी १९५३ मध्ये एकत्र कुटुंबाची लक्षणं सांगितली : एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक देवकार्य आणि नात्याचा धागा. महाड-पोलादपूरकडच्या घरांत छपरं दोन आणि चुली दोन झाल्याला तीन-चार पिढ्या लोटल्या. आजोबा परळच्या चाळीत, आजी गावात. चाळीचे दिवस संपले तर मुलगा नालासोपाऱ्यात किंवा दिव्याला. पण जमीन सामाईक, गणपती सामाईक, शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा ओटीवर सगळे हवेत. म्हणजे तुमचं घर बिरवाडीपासून डोंबिवलीपर्यंत पसरलेलं आहे.

त्यातून पुराच्या वेळी पैसे तिकडून आले. इव्हान बोसोर्मेनी-नॉज नावाच्या हंगेरीहून अमेरिकेत गेलेल्या मानसोपचारतज्ज्ञाने १९७३च्या पुस्तकात मांडलं की प्रत्येक घरात एक न लिहिलेली खातेवही असते. कोणी कोणासाठी काय केलं, कोण कुणाचं देणं लागतं, आणि ते देणं कधीकधी पुढच्या पिढीच्या नावावर चढतं. 'काकांनी आपल्यासाठी किती केलंय, नीट अभ्यास कर' हे वाक्य तुमच्या घरात बोललं जातं का, मला माहीत नाही. बोललं जात असेल तर ते ऐकणाऱ्याच्या पोटात काय होतं ते त्याला विचारण्यासारखं आहे. दिरांना बोलावण्यामागे पैशाचा हिशोब काढायचा हेतू नसतो. तो कुणी मनात धरून बसलंय का, एवढं पाहायचं असतं.

पहिल्या भेटीत बाई बहुधा कागदावर तुमच्या घराचं चित्र काढतील. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल, तीन पिढ्या. तलाठ्याकडच्या वारस नोंदीसारखंच दिसतं, फक्त कोण कोणाशी बोलत नाही हेही त्यात असतं. कोण कुणाशेजारी बसलं, प्रश्न एकाला विचारला आणि उत्तर कुणी दिलं, यावरही त्यांचं लक्ष राहील. अवघडू नका.

आता आईवरच्या बोटाबद्दल, कारण ते टाळलं तर तुमच्या प्रश्नाला बगल दिल्यासारखं होईल. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमन या नामवंत मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी स्किझोफ्रेनिया घडवणारी आई अशी कल्पना वापरली. १९५६ मध्ये बेटसन, जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी मांडलं की परस्परविरोधी निरोपांच्या कात्रीत सापडलेलं मूल त्या आजाराकडे जाऊ शकतं. त्यांच्या उदाहरणातही निरोप देणारी बहुधा आईच होती. कल्पना चतुर होती. त्यामुळे स्किझोफ्रेनिया होतो याला पुरावा मिळाला नाही. तोवर असंख्य आया 'मीच माझ्या लेकराला वेडं केलं' हे मनात घेऊन जगल्या. चक्राची भाषा बोलणारी माणसं स्वतःच सुरुवात शोधायला गेली आणि ती त्यांना आईत सापडली, यातला विरोध त्यांच्या ध्यानात यायला फार वेळ लागला.

पुढे पुराव्याने जे टिकलं ते साधं आहे. घर हा आजार निर्माण करत नाही, पण बरं झालेलं माणूस पुन्हा आजारी पडणं आणि घरातली सततची टीका, राग किंवा जीव गुदमरवणारी काळजी यांचा संबंध आहे. लंडनमध्ये हे आधी दिसलं. १९८०च्या दशकात चंदीगडला पाहणी झाली तेव्हा तिथल्या घरांत टीकेचा सूर लंडनपेक्षा कमी आढळला. म्हणजे घर रोग्याला सांभाळूनही घेतं. आपल्याकडे हे आधीच कुणी ओळखलं होतं. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात नातेवाइकांना आवारात तंबू देऊन रुग्णाजवळ राहायला सांगितलं. साधारण त्याच काळात बोवेन अमेरिकेत वॉर्डात कुटुंबं आणत होता. तिकडे कुटुंबाला बोलावून आणावं लागायचं. आपल्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात पेशंटमागे चार माणसं डबा घेऊन बाहेरच्या बाकावर असतातच. त्यांना आत घ्यायचं एवढंच बाकी असतं.

एका ठिकाणी मात्र चक्राचा विचार लावू नये, आणि यावर मी ठाम आहे. घरात मारहाण असेल तर 'दोघांचंही काहीतरी चुकतं' ही भाषा मारणाऱ्याच्या सोयीची होते. स्त्रीवादी अभ्यासकांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून कुटुंबोपचारकांना हेच सुनावलं. हात उचलणाऱ्याची जबाबदारी त्याची एकट्याची असते, ती घरभर वाटता येत नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर १९८४ मध्ये महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तोही याच भूमिकेवर उभा आहे. तुमच्या पत्रात तसं काही नाही. पण कुणाच्याही घरात असेल, तर सगळ्यांसमोर बोलायच्या आधी समुपदेशकाला एकटीने भेटावं. चांगला समुपदेशक स्वतःच तशी वेळ देतो.

सासूबाईंना कसं न्यायचं? 'बाईंनी तुम्हालाही बोलावलंय' असं म्हणू नका, ते समन्सासारखं वाटतं. नातवाला सगळ्यात जास्त त्या ओळखतात आणि ती माहिती बाईंना हवी आहे, असं सांगा. ते खरंही आहे. आणि कुणीच यायला तयार झालं नाही तर तुम्ही एकट्या जा. बोवेन पुढच्या आयुष्यात बऱ्याचदा घरातल्या एकाच माणसाबरोबर काम करायचा. चक्रातल्या एकाने आपलं पाऊल बदललं की बाकीच्यांना जुन्या तालावर नाचत राहणं जमत नाही, हा त्याचा अनुभव. सुरुवातीला ते जास्त जोरात नाचून पाहतात, तेवढी तयारी ठेवा.

भेटीपर्यंत एक वही घाला. दुखलं की तारीख आणि वेळ लिहा, पण त्याचबरोबर मिस्टरांची शिफ्ट, आदल्या रात्री मुलगा किती वाजता झोपला, दुखायला लागल्यावर कोण काय म्हणालं आणि कशाने थांबलं हेही लिहा. रविवारचंही लिहा, न दुखलेल्या दिवसाचंही लिहा. त्या दिवसांतून बाईंना जास्त कळेल. वर दिलेला चौथा तर्क खरा असेल तर तोही वहीतच पकडला जाईल. रात्री कडी लावायचं काम काही दिवस तुम्ही स्वतः करा, आणि ते त्याला दिसेल असं करा. दुखलं म्हणून घरी राहिला तर मोबाइल आणि टीव्ही बंद, पडून राहायचं. ओरडा नको आणि लाडही नकोत. शाळा पूर्ण तुटू देऊ नका, अर्धा दिवस गेला तरी चालेल. मधल्या काळात कुणाशी बोलावंसं वाटलं तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं.

किती खेपा घालाव्या लागतील हेही विचारून घ्या. दर आठवड्याला सगळ्यांची हजेरी लागेल अशी धास्ती असेल तर ती काढून टाका. मिलानच्या त्या गटाकडे कुटुंबं लांबून आगगाडीने यायची, दर आठवड्याला येणं त्यांना परवडत नसे. म्हणून गटाने भेटी महिन्याच्या अंतराने ठेवल्या, एकंदर दहाच्या आसपास, आणि पुढे लक्षात आलं की मधला महिना घराला उपयोगीच पडतो. तेव्हा महिन्यातून एकदा महाडला, मिस्टरांची सेकंड शिफ्ट असेल त्या आठवड्यातली सकाळ मागून घ्या. दीर गणपतीला येतीलच, तोवर त्यांना व्हिडिओ कॉलवर घेता येईल का, हे बाईंना विचारा.